सुतावरून स्वर्ग गाठायचा कसा: मारिओच्या जगाची स्वतःची फॅन थिअरी

जुन्या गेमच्या जगाबद्दल थिअरी मांडायची, म्हणजे गेमने न सांगितलेलं कारण आपण खेळणाऱ्यांनी रचायचं, म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठायचा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त सूत खरं पाहिजे. स्वर्ग किती उंच न्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ज्या धाग्यावरून तुम्ही वर चढताय तो स्क्रीनवर असला पाहिजे, आणि समोरच्याने गेम लावून बघितलं तर त्यालाही तो तिथेच सापडला पाहिजे. ही एक अट पाळली की बाकी सगळी मजाच आहे.

उदाहरणाला मी १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स घेतेय, कारण तो बहुतेकांनी खेळलेला किंवा कुणाला तरी खेळताना बघितलेला असतो आणि त्याचं जग इतकं कमी बोलतं की आपल्याला बोलायला भरपूर जागा राहते. ज्या गेममध्ये सगळं आधीच समजावून सांगितलेलं असतं तिथे थिअरीला फटच सापडत नाही. तुम्ही दुसरा कुठलाही गेम घ्या, पण शेवटपर्यंत खेळलेला घ्या, नाहीतर तुमच्या थिअरीचं उत्तर नेमकं शेवटच्या लेव्हलमध्ये बसलेलं असतं आणि ते भलतंच कुणीतरी येऊन सांगतं.

पहिलं काम म्हणजे थांबायचं. खरंच सांगते, पहिली लेव्हल सुरू करा आणि मारिओला उभं ठेवा, समोरून चालत येणारा गूम्बा नावाचा शत्रू जवळ आला की उडी मारून मागे या, पण पुढे पळू नका. वेळेचा आकडा उतरत राहील, उतरू दे. एरवी आपण या लेव्हलमधून इतके सुसाट जातो की मागे काय काढलंय ते डोळ्यात शिरतच नाही. आता मागचं बघा. झुडूप बघा, मग वर ढग बघा, मग परत झुडूप. एकच चित्र आहे! रंग फक्त वेगळा, झुडूप हिरवं आणि ढग पांढरा. एक फुगा, दोन फुगे, तीन फुगे, असे तीन प्रकार झुडपाचे आणि तेच तीन ढगाचे. अजून बारकाईने बघितलं तर दिसेल की ढगाला खालची कड आहे आणि झुडपाला नाही, म्हणजे झुडूप हा ढगाचा फक्त वरचा अर्धा भाग आहे.

आता इथे बरेच जण एक गडबड करतात म्हणून जरा थांबून सांगते. अशी गोष्ट दिसली की दोन प्रश्न पडतात, बनवणाऱ्यांनी असं का केलं, आणि त्या जगात राहणाऱ्याच्या दृष्टीने असं का आहे. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, अख्खा गेम फक्त ४० किलोबाइटमध्ये बसवलाय, त्यातले चित्रांसाठी ८, त्यामुळे एकच चित्र रंग बदलून दोनदा वापरणं ही शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका आणि त्यांच्या टीमची हुशारी होती. हे उत्तर माहीत असलंच पाहिजे. पण ते मिळालं म्हणजे दुसरा प्रश्न संपला असं अजिबात नाही, आणि तुम्ही थिअरी सांगायला लागलात की कुणीतरी "अरे ते मेमरी वाचवायला केलंय" म्हणणारच, तेव्हा शांतपणे हो म्हणायचं आणि पुढे बोलायचं. आपण मारिओच्या जगातलं कारण शोधतोय, ऑफिसातलं नाही.

तर जगातलं कारण. माझी थिअरी अशी की मारिओच्या जगात ढग जमिनीतून उगवतात. झुडूप म्हणजे न पिकलेला ढग. खालची कड दिसत नाही कारण ती अजून मातीत आहे, पिकला की हिरव्याचा पांढरा होतो, सुटतो आणि वर जातो. ही नुसती कल्पना झाली, आता तिला आधार शोधायचा, आणि आधार शोधताना गेममध्ये दुसऱ्या ठिकाणी जायचं, त्याच चित्राकडे परत परत बोट दाखवायचं नाही. २-१ मध्ये, म्हणजे दुसऱ्या जगाच्या पहिल्या लेव्हलमध्ये, एका विटेला खालून धक्का दिला की वेल निघतो आणि सरळ आभाळात जातो, आणि त्यावरून चढलं की वर मारिओ ढगांवर चालतो, नाणी गोळा करतो. म्हणजे या जगात झाडपाला आभाळात पोचतो हे ठरलं आणि ढग अंगावर भार घेतो हेही ठरलं. लाकिटू नावाचा शत्रू तर ४-१ पासून ढगात बसूनच फिरतो. वाफेच्या ढगावर हे जमणार नाही, पाल्याच्या जमेल. बघा, एका रंगाच्या फरकावरून सुरू केलं आणि तीन वेगळ्या जागा एका माळेत आल्या, आणि एकही गोष्ट मनाने घातलेली नाही.

हिच्यात कच्चं काय आहे तेही बघूया, कारण ते स्वतः बघितलं नाही तर दुसरा दाखवतो. अर्धवट वर उचललेलं झुडूप गेमभर एकदाही दिसत नाही. सगळी झुडपं जमिनीला घट्ट आणि सगळे ढग वर, मधलं काहीच नाही. म्हणून ही थिअरी मी "गोड" या खान्यात ठेवते, "भक्कम" या खान्यात नाही. असे दोन खाने मनात असू द्या, फार उपयोग होतो.

भक्कम थिअरी कशी दिसते ते आता दाखवते आणि ही माझी सगळ्यात लाडकी आहे म्हणून जरा वेळ घेणार आहे.

गेमबरोबर एक छापील पुस्तिका यायची. बरेच जण ती उघडतही नसत, पण थिअरी करणाऱ्यासाठी ती खजिना आहे. त्यात गोष्ट अशी आहे की कूपांनी, म्हणजे गेममधल्या कासवांच्या टोळीने, काळी जादू करून मशरूम राज्यातल्या शांत, साध्या लोकांना दगड, विटा आणि रानातली रोपं करून टाकलं, आणि हा शाप फक्त राजकन्याच उतरवू शकते. हे वाचल्यावर पहिला विचार काय येतो? की अरे देवा, मारिओ तर गेमभर विटा फोडत सुटलाय, म्हणजे तो लोकांनाच मारतोय! ही "मारिओ खुनी आहे" थिअरी खूप जुनी आहे आणि सांगायला मस्त सनसनाटी वाटते, पण ती सांगणाऱ्याने पुस्तिका पुढे वाचलेली नसते. त्याच पुस्तिकेत पुढे लिहिलंय की विटा झालेले किंवा अदृश्य झालेले मशरूम राज्यातले लोक भेटले तर ते बक्षीस म्हणून तुमची ताकद वाढवतात. म्हणजे विटेतून जे मशरूम किंवा फूल येतं ते त्या शापित माणसाने दिलेलं आहे. अर्धं पान वाचून मोकळं होण्याचा तोटा हा असा.

आता हे डोक्यात ठेवून परत गेमकडे या आणि विटांना नीट धडका मारून बघा. छोटा मारिओ असेल तर वीट फक्त हलते, मशरूम खाऊन मोठा झालेला असेल तर फुटते आणि ५० गुण मिळतात. पण कुठली वीट फुटते? फक्त रिकामी. ज्या विटेत नाणं, मशरूम, वेल, तारा, काहीही आहे ती वीट मोठ्या मारिओनेसुद्धा फुटत नाही, ती वस्तू देते आणि मग कडक, मठ्ठ ठोकळा होऊन जागेवर राहते. दहा वेळा खालून उड्या मारा, ढिम्म हलत नाही. संपूर्ण गेममध्ये अशी एकही वीट नाही जी काही देते आणि फुटतेही.

तर थिअरी ही: ज्या विटेत माणूस आहे तीच काहीतरी देते आणि देणारी वीट फुटू शकत नाही, म्हणजे मारिओने आजवर एकाही माणसाला इजा केलेली नाही, आणि फुटतात त्या नुसत्या विटा. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी गेम थांबवून नुसती बसून राहिले होते, इतकं छान वाटलं. कारण त्या विटा हात नसताना, तोंड नसताना, शाप अंगावर असतानाही जे काही जवळ आहे ते मारिओला देऊन टाकतायत आणि मग रिकाम्या होऊन उभ्या राहतायत. एवढ्याशा गेममध्ये हे सगळं आहे, फक्त त्या नजरेने बघायचं.

ही भक्कम का, तर तिला पाडता येतं. कुणी एक वीट दाखवली जी नाणं देऊन नंतर फुटली, की थिअरी खल्लास. तुम्ही कुठलीही थिअरी रचलीत की स्वतःला विचारा, काय सापडलं तर मी ही सोडून देईन? उत्तर "काहीच नाही" असं आलं तर ती थिअरी अजून कच्ची आहे, परत सूत धरा.

आणि पाडायचा प्रयत्न आधी आपण करायचा. मी याच थिअरीला एक पुढचा मजला चढवायला गेले होते तो कसा पडला ते सांगते. गेममध्ये प्रत्येक जगाच्या शेवटी किल्ल्यात कूपांचा राजा बाउझर असतो. आपण बहुतेक वेळा पुलाच्या टोकाच्या कुऱ्हाडीला हात लावतो, पूल पडतो, तो लाव्हात जातो, संपलं. पण फायरबॉल, म्हणजे फुलाने मिळणारे आगीचे गोळे, घेऊन गेलात आणि ५ मारले तर तो मरताना त्याचं खरं रूप दिसतं! पहिल्या जगातला बाउझर निघतो गूम्बा, दुसऱ्यातला कूपा, मग बझी बीटल, मग स्पायनी, लाकिटू, ब्लूपर आणि सातव्यातला हॅमर ब्रो, सगळे गेममधले साधे शत्रू. आठव्यातला तेवढा खरा. हे बघून मी म्हटलं वा, कूपांची जादू म्हणजे रूप बदलायची जादू, ती त्यांनी लोकांवर वापरली आणि आपल्याच सैनिकांवरही वापरली, आणि आगीने ती उतरते! म्हणजे फायरबॉलने विटांवरचा शापही उतरायला हवा. मग लागले विटांवर फायरबॉल मारायला. काही होत नाही. फायरबॉल विटेला आपटतो आणि विझतो, वीट तशीच.

पण पडली म्हणून सगळी फेकायची नसते. मी पुस्तिका परत काढली, आणि तिथे उत्तर होतंच की, लोकांवरचा शाप फक्त राजकन्या उतरवू शकते, आगीचं नाव नाही. म्हणजे जादू दोन प्रकारची धरावी लागते, सैनिकांचं ते सोंग, जे मरताना गळून पडतं, आणि लोकांवरचा तो शाप, जो आत मुरलाय. पहिला मजला शाबूत राहिला, दुसरा दुरुस्त करून घेतला. मात्र "दोन प्रकारची जादू" हे मी घातलंय, गेमने सांगितलेलं नाही, आणि थिअरी सांगताना मी ते तसंच सांगते, हे दिसतं, हे पुस्तिकेत आहे, आणि हे मी धरून चालतेय. या तीन गोष्टी वेगवेगळ्या सुरात सांगितल्या की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. एकत्र कालवल्या की त्याला पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटायला लागतं.

आता एक थिअरी जी थेट बनवणाऱ्यानेच मान्य केली, तिच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. १९८८ चा सुपर मारिओ ब्रदर्स ३ हे खरं म्हणजे एक नाटक आहे, अशी ती थिअरी. सुरुवातीलाच पडदा वर जातो. ते तर कुणालाही दिसतं, पण एकट्या पडद्यावर थांबलं असतं तर ती थिअरी झाली नसती, निरीक्षण झालं असतं. पुढे बघत गेलं तर रंगीत ठोकळ्यांच्या कोपऱ्यांना स्क्रू मारलेले दिसतात, ठोकळ्यांची सावली मागच्या आभाळावर पडते, आता खऱ्या आभाळावर सावली पडेल का, रंगवलेल्या पडद्यावरच पडणार ना. काही फळ्या वरून टांगलेल्या आहेत. लेव्हल संपताना देखावा संपतो, काळी जागा लागते आणि मारिओ उजवीकडे निघून जातो, जसा नट विंगेत जातो. आणि माझ्या मते सगळ्यात जबरदस्त पुरावा १-३ मधला, तिथल्या पांढऱ्या ठोकळ्यावर खाली दाबून काही सेकंद बसलं की मारिओ ठोकळ्यातून खाली पडतो आणि देखाव्याच्या मागे जातो! मागून पळत शेवटापर्यंत गेलं तर जादूची शिट्टी मिळते. देखाव्याला मागची बाजू असणं म्हणजे तो सेट असणं, यापेक्षा अजून स्पष्ट काय हवं. २०१५ मध्ये हे गेम बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या एका छोट्या व्हिडिओत मियामोतोंना हा प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी मान डोलावून हो म्हटलं.

यातलं शिकण्यासारखं म्हणजे प्रत्येक पुरावा वेगळ्या जातीचा आहे. पडदा हे चित्र, सावली हा प्रकाश, विंग ही लेव्हलची रचना, आणि देखाव्यामागे जाणं ही तर खेळाडूने स्वतः केलेली कृती. पाच ठिकाणी पाच पडदे सापडले असते तर तो एकच पुरावा पाचदा झाला असता.

ग्लिच, म्हणजे गेममध्ये चुकून राहिलेली गडबड, पुरावा म्हणून धरायचा की नाही यावर मतं वेगळी असतात. मी वेगळा धरते. पहिल्या गेमच्या १-२ च्या शेवटी भिंतीतून विशिष्ट पद्धतीने सरकत पाईपपर्यंत पोचलं तर मारिओ एका विचित्र जगात जातो, वर लिहिलेलं असतं उणे १. पाण्याखालची लेव्हल, पोहत पोहत शेवटच्या पाईपात शिरायचं आणि परत सुरुवातीला, वेळ संपेपर्यंत हेच. यावर "हे मारिओचं मेल्यानंतरचं जग" छाप थिअऱ्या लगेच सुचतात, आणि वातावरण आहेच तसं. पण मुळात ते जग ३६ क्रमांकाचं आहे, आणि ३६ व्या जागेचं चित्र कोरं असल्यामुळे आकडा दिसत नाही, उरतं ते फक्त एक आडवी रेघ आणि १. शिवाय जपानमध्ये हाच गेम डिस्कवरही आला होता, त्या डिस्कवर हे उणे जग वेगळंच आहे, तीन लेव्हल आहेत आणि त्या पार करता येतात. म्हणजे "अनंत काळ अडकलेला मारिओ" ही थिअरी कार्ट्रिजवर चालते आणि डिस्कवर कोसळते. थिअरी सांगण्याआधी गेमच्या दुसऱ्या आवृत्त्या बघा ते यासाठीच, कुठल्या आवृत्तीबद्दल बोलताय ते पहिल्या वाक्यात सांगून टाका.

अंधुक अक्षरांपासूनही जपा. १९९६ च्या सुपर मारिओ ६४ मध्ये किल्ल्यामागच्या अंगणात एक पुतळा आहे आणि त्याखाली धुरकट पाटी. लोकांनी ती "एल इज रिअल २४०१" अशी वाचली आणि मारिओचा भाऊ लुईजी गेममध्ये लपलाय असं मानून वर्षानुवर्षं कोपरान् कोपरा खोदला. काहींनी तीच पाटी "इटर्नल स्टार" अशीही वाचली. जे दोन माणसांना दोन प्रकारे दिसतं ते सूत नाही, ते धुकं आहे. पुढे तेच धुरकट अक्षरांचं चित्र निन्टेन्डोच्याच १९९८ च्या ऑकरिना ऑफ टाइम या झेल्डा मालिकेतल्या गेममध्येही वापरलेलं सापडलं, तिथे लुईजीचा काही संबंधच नाही. तरी गंमत अशी की २०२० च्या जुलैमध्ये निन्टेन्डोच्या जुन्या फाइली बाहेर आल्या आणि त्यात लुईजीचे भाग खरंच निघाले, म्हणजे बनवताना तो होता, नंतर काढला. जपानमध्ये गेम आला जून १९९६ ला, मोजलं तर मध्ये २४ वर्षं १ महिना जातो, आणि लोकांनी लगेच २४०१ शी जोडलं. हा शेवटचा जोड म्हणजे शुद्ध बादरायण संबंध, पण इतका देखणा की मला तो मनापासून आवडतो. सांगताना फक्त योगायोग म्हणून सांगते.

त्याच किल्ल्यात धुकं नसलेलं एक सूत आहे ते बघाच. आरशाच्या खोलीत जा आणि आरशात बघा, मारिओच्या मागे लाकिटू ढगावर बसून कॅमेरा धरून उडताना दिसतो. म्हणजे आपण जे बघतोय ते कुणीतरी चित्रित करतंय, आणि हे गेम स्वतःच सांगतो. मागचा गेम नाटक आणि हा चित्रीकरण, इथून पुढे "मारिओ आणि बाउझर हे एकाच नाटक कंपनीतले नट" या थिअरीकडे जायचा रस्ता सरळ आहे. मियामोतो स्वतः २०१२ च्या एका मुलाखतीत म्हणाले होते की ही पात्रं पॉपायच्या जुन्या कॉमिकसारखी आहेत, एका गोष्टीत एक भूमिका, दुसरीत दुसरी. बाउझर राजकन्येला पळवतोही आणि त्याच मंडळींबरोबर गो-कार्टची शर्यतही खेळतो, याचं इतकं सोपं उत्तर दुसरं नाही.

एक कळकळीची विनंती, "सगळं स्वप्न होतं" आणि "तो कोमात आहे" या दोन थिअऱ्या कुठल्याही गेमला लावू नका. त्या लावल्या की ढग, विटा, पडदा, कशाकडेच बघायची गरज उरत नाही. १९८८ च्या अमेरिकेतल्या सुपर मारिओ ब्रदर्स २ चा शेवट मारिओच्या स्वप्नाने होतो, तो गेमनेच दाखवलाय म्हणून तिथे चालेल, आणि तिथेही छान प्रश्न तर पुढे आहे, की स्वप्नातले शाय गाय आणि बर्डो हे शत्रू नंतरच्या गेममध्ये जागेपणी कसे फिरतात?

सांगताना क्रम असा ठेवा: आधी दाखवा, मग थांबा, मग थिअरी. मित्राला "मारिओने कुणाला मारलं नाही" असं आधी सांगितलंत तर तो वाद घालायला बसतो. त्याऐवजी त्याच्या हातात कंट्रोलर द्या आणि म्हणा, ही नाणं देणारी वीट फोडून दाखव. तो उड्या मारतो, वीट ढिम्म, तो परत मारतो, मोठा मारिओ करून आणतो, तरी ढिम्म. मग तोच विचारतो, "का फुटत नाहीये ही?" आता सांगा.

तुमच्यासाठी एक मोकळं सूत ठेवते, मी यावर अजून काही रचलेलं नाही. लेव्हलच्या शेवटी झेंड्याच्या काठीला हात लावताना वेळेचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर किल्ल्यावर तेवढेच फटाके फुटतात. बाकी कुठल्याही आकड्याला एकही नाही. खाली मारिओ खांबावरचा झेंडा उतरवतो, आत गेल्यावर किल्ल्यावर दुसरा छोटा झेंडा चढतो. त्या किल्ल्यात कोण बसलंय, आणि त्यांना १, ३, ६ मोजून काय कळवायचंय?